पॉझिटिव्ह, पण कोणता?

टोमॅटोची पानं आकसली की जुन्नर-आंबेगावचा शेतकरी नुसतं ‘व्हायरस आलाय’ म्हणून थांबत नाही. कोणता, हे त्याला हवं असतं. एचआयव्हीच्या बाबतीत मात्र आपण ‘पॉझिटिव्ह’ या एका शब्दाशी अडतो.

एचआयव्ही-१ आणि एचआयव्ही-२ ही दोन वेगळी घराणी. पहिल्यातल्या मुख्य गटाच्या पुन्हा ए, बी, सी, डी अशा शाखा. अमेरिका-युरोपात बी जास्त, त्यामुळे सुरुवातीचं बरंचसं संशोधन बीवरच झालं. आपल्याकडे बहुतेकांत सी. जगातल्या जवळपास निम्म्या रुग्णांतही तोच.

मंचरहून पुण्याला निघालं की वाटेत भोसरी लागते. १९९२ साली स्थापन झालेली राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था तिथलीच. कविता लोले आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये, नुकतीच लागण झालेल्या काही भारतीयांतल्या विषाणूंची जवळपास पूर्ण जनुकीय मांडणी प्रसिद्ध केली. त्यातल्या एकात ए आणि सी यांची सरमिसळ निघाली. एकाच पेशीत दोन जाती शिरल्या, की नक्कल करणारं विकर एका धाग्यावरून दुसऱ्यावर उडी मारतं आणि तिसराच विषाणू जन्मतो. ‘दोघंही पॉझिटिव्ह, मग आता निरोध कशाला?’ असं विचारणाऱ्या जोडप्याला खरं उत्तर इथे मिळतं.

सीवर बेतलेल्या लशीची चाचणी पुण्यात २००५ मध्ये सुरू झाली. हवा तेवढा प्रतिसाद मिळाला नाही. गोळ्यांचं तसं नाही. टेनोफोविर, लॅमिव्हुडिन, डोल्युटेग्रॅविर ही सरकारी केंद्रातली एकत्रित गोळी सीवर चांगली चालते. पण टेनोफोविरला दाद न देणारा एक बदल सीमध्ये इतरांपेक्षा सहज घडतो, आणि डोस चुकू लागले की त्याला वाव मिळतो. ऊसतोडणीसाठी महिनोन्‌महिने गाव सोडणाऱ्या मजुराच्या पिशवीत पुरेशा गोळ्या असायलाच हव्यात, असं मला म्हणूनच वाटतं.

एचआयव्ही-२ चे रुग्ण आपल्याकडे थोडे, पण आहेत. नेव्हिरॅपिन आणि एफाव्हिरेन्झ ही औषधं त्याच्यावर मुळातच चालत नाहीत. एप्रिल २००४ मध्ये मोफत उपचार सुरू झाले तेव्हा पहिल्या फळीत नेमकी हीच होती. शिवाय एचआयव्ही-१ साठीच्या व्हायरल लोड चाचणीत एचआयव्ही-२ पकडलाच जात नाही. कागदावर ‘विषाणू आढळला नाही’, आणि माणूस मात्र खंगत चाललेला. त्यामुळे समुपदेशकासमोर बसलात की हे एकदा स्पष्ट विचारून घ्या : माझ्या रिपोर्टात एक आहे की दोन?