छतावरचं ऊन, गावची वाट आणि काही पक्के गैरसमज

सौरऊर्जेची माहिती सांगायला ग्रामपंचायतीचा स्वयंसेवक दारात आला, की पहिला प्रश्न ठरलेला असतो: “कोणत्या कंपनीकडून आलात?” हीच माणसं रविवारी सकाळी टेकडीवरच्या पायवाटेवर घमेली-कुदळी घेऊन दिसली, की लोक विचारतात, “हजेरी किती मिळते?” कंपनीचं कमिशन आणि रोजगार हमीची हजेरी यापलीकडे गावासाठी कुणी काही करत असेल, हे आपल्याला पटकन पटत नाही. खरं तर या माणसांचा बराचसा वेळ दोन कागदांपुढे जातो. एक कागद म्हणजे घरातलं वीजबिल आणि दुसरा गावचा नकाशा. हे दोन कागद नीट वाचता न आल्यामुळे जे गैरसमज पसरलेत, ते दूर करणं हेच त्यांचं मुख्य काम आहे. त्यातले काही मला फार महत्त्वाचे वाटतात.

“वीज महावितरणची, रस्ता बांधकाम खात्याचा. पंचायतीचा काय संबंध?”

संबंध थेट राज्यघटनेतला आहे. 73व्या घटनादुरुस्तीने अकरावी अनुसूची जोडली गेली आणि पंचायतींकडे सोपवता येतील असे 29 विषय तिच्यात नोंदले गेले. रस्ते, सामाजिक वनीकरण, इंधन व चारा यांच्याबरोबर अपारंपरिक ऊर्जास्रोत हा विषयही त्या यादीत आहे. म्हणजे सौरऊर्जा हा पंचायतीचा हौसेचा उद्योग नाही. 2002च्या जैवविविधता कायद्याने तर प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेला जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमायला सांगितलं आहे. अनेक गावांत ही समिती फक्त कागदावर असते. कुणी मनावर घेतलं तर टेकडी, गायरान, ओढा आणि त्यांतून जाणाऱ्या वाटा यांबद्दल अधिकाराने बोलू शकणारी ती गावातली पहिली समिती आहे.

राज्याच्या पर्यावरण व वातावरणीय बदल विभागाने 2 ऑक्टोबर 2020 रोजी ‘माझी वसुंधरा’ अभियान सुरू केलं. भूमी, वायू, जल, अग्नी आणि आकाश या पंचमहाभूतांच्या चौकटीत गावांना आणि शहरांना त्यात गुण दिले जातात. ऊर्जेचं काम अग्नीखाली मोजलं जातं, हरित क्षेत्राचं भूमीखाली. पहिल्या वर्षी 686 स्थानिक संस्था त्यात उतरल्या होत्या. साताऱ्याच्या पाटण तालुक्यातली मान्याची वाडी 2024मध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम म्हणून पुढे आली. हे डोंगराळ तालुक्यातलं लहानसं गाव आहे, कुणी श्रीमंत बाजारपेठ नव्हे.

“सोलर बसवलं की बिल शून्य”

सगळ्यांत जास्त नुकसान या समजुतीने केलं आहे. शून्य बिलाची आशा लावून बसलेला माणूस पहिलं बिल आलं की फसवलं गेल्यासारखा होतो आणि मग ते बिल गावभर दाखवत फिरतो.

नेट मीटर बसल्यावर बिलात दोन आकडे महत्त्वाचे होतात. ग्रीडमधून आपण घेतलेली युनिट म्हणजे आयात आणि आपण ग्रीडला दिलेली युनिट म्हणजे निर्यात. उदाहरण घेऊ. आपल्याकडे 1 किलोवॅटचा संच दिवसाला सरासरी 4 युनिट वीज देतो, म्हणजे 3 किलोवॅटचा संच महिन्याला साधारण 360 युनिट देईल. समजा, एका घरात महिन्याला 300 युनिट लागतात. त्यांतली 120 दिवसा, पॅनेल चालू असतानाच वापरली जातात. 360मधली उरलेली 240 युनिट ग्रीडला जातात. संध्याकाळपासून सकाळपर्यंत त्या घराला 180 युनिट ग्रीडमधून घ्यावी लागतात. 240मधून 180 वजा जाऊन 60 युनिट पुढच्या महिन्याच्या खात्यावर जमा होतात. त्या महिन्याच्या वीजवापराचा आकार गेला, पण स्थिर आकार राहतोच, कारण तारा, खांब, रोहित्र आणि मीटर ही सगळी व्यवस्था आपण वापरत असतो. बिल खूप उतरतं. ते शून्य होत नाही.

या जमा युनिटांचा हिशेब आर्थिक वर्षाशी बांधलेला असतो. 31 मार्चला जी शिल्लक उरेल ती ठरलेल्या, पण बऱ्याच कमी दराने विकत घेतली जाते आणि एप्रिलपासून खातं नव्याने सुरू होतं. म्हणून गरजेपेक्षा मोठा संच बसवून वीज विकून कमाई करू, हा बेत घरगुती ग्राहकाला परवडत नाही. महिन्याला 90 युनिट वापरणाऱ्या घराला 1 किलोवॅट पुरतं. तिथे “3 किलोवॅट घ्या, अनुदान जास्त मिळतं” असा सल्ला कुणी दिला, तर तो विकणाऱ्याच्या सोयीचा असतो. इथे स्वयंसेवक हवा. गेल्या बारा महिन्यांची बिलं मांडून, सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी वापराचे महिने खुणा करून, मगच संचाचा आकार सुचवणारा.

“लाइट गेली तरी आमच्याकडे चालू राहणार”

नाही राहणार, आणि त्यामागे जिवाचं कारण आहे. ग्रीडला जोडलेला साधा इन्व्हर्टर ग्रीडचा पुरवठा बंद होताच स्वतःहून बंद पडतो. तसं झालं नाही, तर दुरुस्तीसाठी खांबावर चढलेल्या वायरमनच्या तारेत तुमच्या छतावरून वीज जाईल. पुरवठा बंद असतानाही वीज हवी असेल, तर बॅटरी आणि तिला साजेसा हायब्रिड इन्व्हर्टर लागतो, आणि त्याचा खर्च वेगळा. हे आधी सांगितलं नाही, तर भर दुपारी कडक ऊन असताना पंखा बंद पडल्यावर लोक संतापतात, ते स्वाभाविकच आहे.

“मे महिन्यात वीज भरपूर, पावसाळ्यात शून्य”

पॅनेलला प्रकाश लागतो, उष्णता नको असते. कंपनी सांगते ती क्षमता 25 अंश तापमानाला मोजलेली असते. त्यापुढे दर अंशामागे साधारण 0.3 ते 0.4 टक्के उत्पादन घटतं. विदर्भातल्या उन्हात पॅनेलचा पृष्ठभाग 60 अंशांपर्यंत तापला, तर दहा ते चौदा टक्के वीज उष्णतेतच जाते. एप्रिल-मेमध्ये उत्पादन चांगलं असतं ते लांब दिवसांमुळे आणि निरभ्र आकाशामुळे. पावसाळ्यात ते निम्म्यापर्यंत उतरू शकतं, कोकणात आणि घाटमाथ्यावर त्याहूनही खाली. पण ढगांतून पसरून येणाऱ्या उजेडावरही पॅनेल काम करतं. शिवाय एप्रिल-मेची शिल्लक युनिट जुलै-ऑगस्टला कामी येतात, कारण आर्थिक वर्ष तेच असतं.

ढगांपेक्षा जास्त नुकसान सावली करते, आणि तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. एकामागोमाग एक जोडलेल्या पॅनेलांपैकी एकावर पाण्याच्या टाकीची सावली पडली, तरी सगळ्या माळेचं उत्पादन घटू शकतं. संच बसवण्याआधी सकाळी नऊला आणि दुपारी चारला गच्चीवर जाऊन सावल्या कुठे पडतात ते बघा.

“पॅनेल फुकट मिळतं”

प्रधानमंत्री सूर्यघर योजनेच्या नावात ‘मुफ्त बिजली’ आहे, त्यावरून हा गोंधळ झाला. फेब्रुवारी 2024मध्ये सुरू झालेल्या या योजनेत 1 किलोवॅटला 30,000, 2 किलोवॅटला 60,000 आणि 3 किंवा त्याहून जास्त किलोवॅटला 78,000 रुपये केंद्राचं अनुदान आहे. उरलेला खर्च घरमालकाचा, त्यासाठी बँकेचं कर्ज मिळतं. संच बसवून, तपासणी होऊन, नेट मीटर लागल्यावर अनुदान ग्राहकाच्या खात्यात थेट जमा होतं. म्हणून “अनुदान मंजूर करून देतो, आधी इतके भरा” असं म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवावं. खरा स्वयंसेवक रोख पैसे घेत नाही आणि ओटीपी मागत नाही. योजनेत संचाची देखभाल पाच वर्षं विक्रेत्याने करायची असते. तेवढं करारात लिहून घ्या.

पंचायतीलाही यात वाटा आहे. हद्दीत बसणाऱ्या घरगुती संचामागे स्थानिक संस्थेला 1,000 रुपये प्रोत्साहन देण्याची तरतूद आहे. प्रत्येक जिल्ह्यात स्पर्धेतून निवडल्या जाणाऱ्या एका आदर्श सौरग्रामाला 1 कोटी रुपयांचं साहाय्य ठेवलेलं आहे. 5,000हून जास्त लोकवस्तीची गावं त्या स्पर्धेत उतरू शकतात. शहरातल्या गृहनिर्माण संस्थांना लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे अशा सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे 18,000 रुपये मिळतात. ज्यांच्या मालकीची गच्ची नाही अशा फ्लॅटधारकांना हे फारसं कुणी सांगत नाही.

“चांगली पायवाट म्हणजे पेव्हर ब्लॉक आणि दिवे”

आता नकाशाकडे वळू. शहराजवळच्या टेकड्यांवर हा गैरसमज सर्वांत महाग पडतो. पुण्याच्या वेताळ टेकडीसारख्या ठिकाणी रोज हजारो पावलं पडतात. वाट खराब झाली की मागणी येते ती पक्क्या रस्त्याची. पण वाट पावलांमुळे जितकी बिघडते, त्याहून जास्त पाण्यामुळे बिघडते.

जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात टेकडीवर उभं राहून पाहा. उतारावर सरळ खाली जाणाऱ्या शॉर्टकटमध्ये पाणी शिरतं, वेग घेतं, मुरूम सोबत नेतं आणि महिन्याभरात वाटेच्या जागी गुडघाभर खोल घळ तयार होते. त्या घळीतून चालता येत नाही म्हणून लोक बाजूच्या गवतातून चालू लागतात आणि दुसऱ्या पावसाळ्यात शेजारी दुसरी घळ तयार होते. उताराला आडवी, हलक्या चढाची, बाहेरच्या बाजूला किंचित कललेली वाट असेल, तर पाणी वाटेवरून न वाहता तिला ओलांडून जातं. मधूनमधून दगडांची तिरकी आडओळ बसवली, की उरलेलं पाणीही बाजूला निघतं. शॉर्टकटच्या दोन्ही तोंडांना दगड आणि काटेरी फांद्या लावल्या, की एक-दोन पावसाळ्यांत तिथे गवत परत धरतं. कुदळ, पहार, घमेलं आणि आठ-दहा माणसं यांत हे सगळं होतं. पेव्हर ब्लॉक मात्र पाणी मुरू देत नाहीत, दुसऱ्या वर्षी उखडतात आणि त्यांच्यामागून गाड्या वर येऊ लागतात.

त्याच्याच जोडीचा समज म्हणजे टेकडी उजाड दिसते, तर झाडं लावा. पुण्याच्या टेकड्या मुळात गवताळ, विरळ झाडीच्या. सालई, मेडशिंगी, गणेरी ही तिथली झाडं. चंडोल तिथल्या गवतात जमिनीवरच घरटं करतो. याच टेकड्यांवर मोठ्या प्रमाणावर गिरिपुष्प हे परदेशी झाड लावलं गेलं. ते भराभर वाढलं, टेकडी हिरवी दिसू लागली, पण त्याच्या दाट सावलीत गवत उरलं नाही. भलं करायला निघालेल्या स्वयंसेवकांनी हे आधी समजून घ्यायला हवं. आणखी एक गोष्ट: टेकडीचा जो भाग वन विभागाचा आहे, तिथे झाड लावायला किंवा वाट खणायलाही त्यांची परवानगी लागते. इच्छा चांगली असली तरी परवानगीतून सूट नाही.

“बांधावरची वाट ज्याच्या शेताला लागून, त्याची”

पाणंद, विदर्भात पांदण, ही गावची सर्वांत जुनी सामायिक वाट. शाळेला जाणारी मुलं, बैलगाडी आणि गुरं तिच्यावरूनच जात. दोन्ही बाजूंनी नांगर वर्षाला वीतभर आत सरकत गेला आणि अनेक गावांत तिची निमुळती पट्टी उरली. पण गावनकाशात ती तुटक रेषांनी दाखवलेली असते आणि नांगराने नकाशा बदलत नाही. नकाशाची प्रत भूमी अभिलेख कार्यालयातून मिळते. जुनी वाट कुणी अडवली, तर 1906च्या मामलेदार न्यायालय कायद्याच्या कलम 5खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते. मात्र अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. शेतात जायला वाटच नसेल, तर जमीन महसूल संहितेच्या कलम 143खाली बांधावरून वाट मागता येते. सहा महिन्यांची ही मुदत माहीत नसल्यामुळे लोक आधी भावकीत भांडतात, मग पोलीस ठाण्यात जातात आणि कायद्याचा सोपा रस्ता हातचा जातो. वेळेत नकाशा काढून दोन्ही शेजाऱ्यांना एकत्र बसवणारा गावातला विश्वासू माणूस इथे वकिलापेक्षा जास्त उपयोगी पडतो. सहमती झाली, तर रोजगार हमीच्या जोडीने राबवल्या जाणाऱ्या मातोश्री ग्रामसमृद्धी योजनेतून त्या पाणंदीचं कामही करता येतं.

हे वाचून काही करावंसं वाटलं, तर गावातल्यांनी पुढच्या ग्रामसभेची वाट पाहत बसू नये. सभेच्या आधीच ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे दोन विषय लेखी द्यावेत: पंचायतीच्या, शाळेच्या आणि अंगणवाडीच्या वीजबिलांचं वाचन, आणि गावनकाशातल्या वाटांची प्रत्यक्ष पाहणी. जैवविविधता समितीवर सध्या कोण आहे, तेही त्याच सभेत विचारा. पुण्यातल्या वाचकांसाठी 2006पासून नागरिकांच्या सहभागातून महापालिकेचं अंदाजपत्रक तयार करण्याची सोय आहे, तिथे टेकडीच्या वाटेचं काम सुचवता येतं. अर्ज करताना “पेव्हर ब्लॉक नकोत, पाण्याचा निचरा हवा” हे वाक्य मात्र विसरू नका.