फेजर फिरत नसेल तर आधी ट्रिमपॉट बघा

घरी जुळवलेल्या फेज ९० पेडलमधून गिटारचा आवाज येतो, पण तो फिरत नाही, म्हटल्यावर बहुतेक जण थेट एलएफओचे (आवाज फिरवणाऱ्या मंद ऑसिलेटरचे) पार्ट उपसायला घेतात. माझ्या मते पहिला संशय बायसवर, म्हणजे ट्रिमपॉटने लावायच्या गेट व्होल्टेजवर घ्यावा. एमएक्सआरच्या १९७०च्या दशकातल्या या सर्किटमध्ये चार जेफेट बदलत्या रेझिस्टरचं काम करतात, आणि तेही गेटचं व्होल्टेज एका अरुंद पट्ट्यात असेल तेव्हाच. पट्टा चुकला की ते पूर्ण चालू किंवा पूर्ण बंद राहतात. मग एलएफओ कितीही नीट चालो, कानाला काही कळत नाही.

एलएफओच बंद असेल तर? शक्य आहे, पण ते तपासणं सोपं आहे. स्पीड सर्वांत कमी ठेवून एलएफओच्या टायमिंग कपॅसिटरवर मल्टिमीटर लावा. आकडा सावकाश वरखाली होत असेल तर एलएफओ निर्दोष. (गेटवर मोजू नका, तिथे मेगाओमचे रेझिस्टर असल्याने मीटरच व्होल्टेज खाली ओढतो.) ‘जेफेट जुळवलेलेच घेतलेत’ हेही उत्तर पुरेसं नाही: जुळवलेले म्हणजे एकमेकांसारखे, बायस तरीही लावावाच लागतो. तेव्हा सोल्डरिंग आयर्न तापवण्याआधी कॉर्ड वाजवत ट्रिमपॉट अगदी हळू फिरवून बघा.