कोरा रकाना म्हणजे शून्य नव्हे

पेण आणि रोहा या शेजारच्या तालुक्यांत पावसाळ्यात रोज सकाळी साडेआठला एक काम ठरलेले असते. पर्जन्यमापकात साठलेले पाणी मोजायचे, आकडा वहीत लिहायचा आणि बाटली रिकामी करून परत ठेवायची. देशभर हीच वेळ पाळतात. त्या सकाळपर्यंतच्या २४ तासांचा पाऊस त्या तारखेच्या नावे लागतो. म्हणून २६ जुलै २००५ रोजी मुंबईत कोसळलेला सांताक्रूझचा ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदीत २७ जुलैच्या रकान्यात सापडतो.

आता प्रश्न असा की एखाद्या सकाळी ही मोजणी झालीच नाही, तर काय करायचे?

आज हाच प्रश्न संगणकापुढेही आहे. ठरलेल्या वेळी माहिती गोळा करायची, तिची बेरीज करायची आणि पुढच्या टप्प्याकडे द्यायची, अशा आपोआप चालणाऱ्या कामांच्या साखळीला ‘डेटा पाइपलाइन’ म्हणतात. तिच्या प्रत्येक खेपेला आपण एसटीच्या भाषेत ‘फेरी’ म्हणू. वीज जाते, नेटवर्क तुटते, यंत्र बंद पडते आणि फेरी चुकते.

चुकलेल्या फेरीवर सरसकट एकच उपाय नसतो. पेणहून रोह्याला जाणारी सकाळची गाडी रद्द झाली, तर ती दुसऱ्या दिवशी भरून काढत नाहीत, प्रवासी पुढच्या गाडीने जातात. टपालाची थैली मात्र राहिली, तर पुढच्या गाडीने एकदाच पोचवली की काम भागते. रोजच्या हजेरीचे तसे नाही. तिथे प्रत्येक दिवस वेगळा लिहावा लागतो. संगणकातही या तिन्ही तऱ्हा आहेत. युनिक्समधला मूळचा ‘क्रॉन’ हा वेळापत्रक चालवणारा प्रोग्रॅम चुकलेली वेळ सोडून देतो. ‘अ‍ॅनाक्रॉन’ यंत्र सुरू झाल्यावर राहिलेले काम एकदा उरकतो. ‘एअरफ्लो’सारख्या साधनाला मधल्या प्रत्येक दिवसाची फेरी स्वतंत्रपणे चालवायला सांगता येते. यातले काय निवडायचे हे कामाच्या स्वरूपावर ठरते.

पाऊस यातल्या कोणत्या प्रकारात बसतो? इथेच खरी मेख आहे. मोजणी चुकली तरी पाऊस थांबत नाही, पाणी बाटलीत साठतच राहते. दुसऱ्या सकाळी ते मोजले की दोन दिवसांची बेरीज बरोबर मिळते, पण कोणत्या दिवशी किती पडला हे कळत नाही. शिवाय बाटलीला मर्यादा असते. २०० चौरस सेंटिमीटर तोंडाच्या मापकाखाली ४ लिटरची बाटली असेल, तर ती २०० मिलिमीटर पावसात भरते. कोकणातल्या जुलैत त्याला फार वेळ लागत नाही. त्यानंतर वाहून गेलेला पाऊस कोणत्याही फेरीने परत मिळत नाही.

यात शेतकऱ्याचे काय पणाला लागते ते पाहा. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की अतिवृष्टी मानतात, आणि नुकसानीच्या पंचनाम्यांत त्या आकड्याला वजन असते. समजा, दोन दिवस रोज ३५ मिलिमीटर पडला आणि पहिली नोंद चुकली. दुसऱ्या दिवशी ७० लिहिले जातात आणि न झालेली अतिवृष्टी कागदावर येते. उलट एका दिवशी ७० आणि दुसऱ्या दिवशी १० पडला असताना कोणी बेरीज निम्मी-निम्मी वाटली, तर दोन्ही दिवशी ४० दिसतात आणि झालेली अतिवृष्टी पुसली जाते. चुकलेल्या दिवसापुढे कोणी ‘०’ लिहिले, तर भाताचे खाचर पाण्याखाली असताना वही कोरडे ऊन सांगते.

राज्यात ‘महावेध’ प्रकल्पाखाली महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली. त्यांनी माणसाची सकाळची फेरी वाचवली, पण प्रश्न मिटला नाही, त्याचे रूप बदलले. यंत्र पाऊस वेळेसह टिपते. नेटवर्क नसेल आणि यंत्राने नोंदी जपून ठेवल्या असतील, तर त्या उशिरा पोचतात. म्हणून नोंद ‘आली कधी’ यापेक्षा ‘पाऊस पडला कधी’ हे पाहून ती रकान्यात बसवावी लागते. फेरी पुन्हा चालवताना दुसरी काळजी घ्यावी लागते. आधीचा आकडा पुसून नवा लिहायचा, त्यात मिळवायचा नाही. नाहीतर ४० मिलिमीटरचे ८० होतात. एकच फेरी दहा वेळा चालवली तरी उत्तर तेच आले पाहिजे.

नोंद कायमची गेली असेल तर शेजाऱ्यांकडून अंदाज काढतात. पेणचा दिवस हरवला, तर रोहा, अलिबाग, सुधागड अशा ठिकाणांचा त्या दिवसाचा पाऊस घ्यायचा. प्रत्येक आकडा तिथल्या आणि पेणच्या सरासरी वार्षिक पावसाच्या प्रमाणात कमी-जास्त करायचा आणि मग त्यांची सरासरी काढायची. पद्धत जुनी आणि उपयोगी आहे. पण कोकणात डोंगराच्या एका अंगाला धो धो आणि दुसऱ्या अंगाला रिमझिम असे नेहमी होते. असा आकडा महिन्याच्या बेरजेला चालेल, एका मंडळातल्या एका दिवसाचा निवाडा त्यावर करणे धोक्याचे.

सगळ्यात अवघड अपयश म्हणजे मुकाट्याने झालेले. बिघाड ओरडला तर कोणीतरी धावते. पण आकडा आलाच नाही, तर कोणाच्या लक्षात येणार? म्हणून चांगल्या व्यवस्थेत ‘नऊ वाजले, पेणचा आकडा अजून आला नाही’ असे सांगणारे वेगळे राखणदार काम असते. ते पहिल्या कामाबरोबरच बंद पडू नये, म्हणून दुसऱ्या यंत्रावर ठेवतात.

म्हणून वही कागदाची असो वा संगणकाची, तिच्यात चार खुणा वेगळ्या हव्यात : पाऊस पडला नाही, मोजला नाही, अनेक दिवसांचा एकत्र मोजला आणि अंदाजाने भरला. चारही जागी नुसता आकडा दिसला, तर वीस वर्षांनी ती वही उघडणाऱ्याला खरे-खोटे निवडता येणार नाही. आणि ज्याचे खाचर बुडाले त्याला तर तेवढी वाट पाहायलाही सवड नसते.