गोळीची कोरड, रोजाची तहान

गेल्या रमजानमधली गोष्ट. पाचव्या रोजाच्या रात्री अम्मी कूस बदलताना कण्हत होती. नागीण बरी होऊन वर्ष झाले, तरी बरगडीखालची आग राहिली होती. त्यासाठी डॉक्टरांनी रात्री अॅमिट्रिप्टिलिनची छोटी गोळी दिली होती. पाकीट पाहिले, तर पहिल्या रोजापासून एकही गोळी कमी झालेली नव्हती.

"बेटा, ये गोली से जबान तालू को चिपकती. तिलावत कैसे करूं?" ती म्हणाली.

रोजाची तहान इफ्तारच्या पाण्याने भागते. ही कोरड वेगळी. लाळग्रंथींना मिळणारा मज्जातंतूंचा इशाराच औषध अडवते. म्हणून पाणी पिऊनही तोंड पुन्हा सुकते. अॅलर्जीच्या आणि लघवी आवरण्याच्या काही गोळ्यांनीही असेच होते. लाळ घटली की दात लवकर किडतात, तोंडात बुरशी धरते, कोरडा घास उतरत नाही.

डॉक्टरांनी आधी आम्हाला झापले. अशी गोळी मनानेच बंद करायची नसते. मग त्यांनी मात्रा कमी करून वेळ इफ्तारनंतरची ठरवून दिली.

घरातही थोडे बदलले. सहरीतून लोणचे, पापड आणि कडक चहा गेला. इफ्तारपासून सहरीपर्यंत पाण्याची बाटली अम्मीच्या हाताशी राहू लागली. एकदम तांब्याभर नाही, घोट घोट पाणी. इफ्तारनंतर बिनसाखरेचे च्युइंगम चघळायला ती आधी लाजली, मग नातवंडांबरोबर चघळू लागली. खजूर दाताला चिकटतो, म्हणून लगेच चूळ. सहरीनंतर आणि झोपताना फ्लोराइडची पेस्ट. दिवसा मिसवाक आणि वजूची चूळ होतीच. फक्त पाणी घशात उतरू नये एवढी काळजी.

तरीही काही दिवस तिला झेपले नाहीत. सूरह बकरामध्ये आजाऱ्याला रोजे नंतर पूर्ण करण्याची मुभा आहे. हे मी तिला सांगायची गरज नव्हती, लहानपणी तिनेच मला शिकवले होते. पण स्वतःवर वेळ आली तेव्हा तिला ती मुभा घेणे जड गेले. सुटलेले तीन रोजे तिने पावसाळ्यातल्या थंड दिवसांत कजा म्हणून पूर्ण केले.

आपल्या घरातल्या मोठ्या माणसांच्या गोळ्यांचे पाकीट या दिवसांत एकदा जरूर पाहा. ती तक्रार करत नाहीत.

यंदा चाँद दिसायच्या आठवडाभर आधी अम्मीच म्हणाली, "डॉक्टर का नंबर लगा दे."