प्रहारातील शिथिलता आणि देहरचना

प्रहारातील शिथिलता आणि देहरचना ही युद्धकलांच्या प्रशिक्षणातील दोन परस्परपूरक तत्त्वे आहेत. ठोसा, लाथ किंवा तळहाताचा आघात करताना ज्या स्नायूंचे काम नाही ते सैल ठेवणे, याला शिथिलता म्हणतात. आघाताच्या क्षणी मूठ, मनगट, कोपर, खांदा, कंबर आणि पाय यांची अशी मांडणी असणे, की जमिनीवरून उचललेले बल वाटेत वाया न जाता लक्ष्यापर्यंत पोहोचावे, याला देहरचना म्हणतात. मुष्टियुद्ध, कराटे, ताय ची, विंग चुन इत्यादी प्रणालींत ही तत्त्वे निरनिराळ्या नावांनी शिकवली जातात. शिथिलता म्हणजे अंग गाळून टाकणे नव्हे. कोणता स्नायू केव्हा आवळावा आणि केव्हा सोडावा, याचे ते कालभान आहे.

शरीरशास्त्रीय आधार

दंडाच्या मागील बाजूचा त्रिशिर स्नायू कोपर सरळ करतो, तर पुढील बाजूचा द्विशिर स्नायू ते वाकवतो. ठोसा मारताना दोन्ही स्नायू एकाच वेळी आवळले गेले, तर एकाची ओढ दुसऱ्याच्या ओढीला अडवते आणि हाताची गती घटते. जोर लावण्याच्या नादात नवशिका नेमके हेच करतो. त्याला प्रहार जोरकस वाटतो, परंतु त्या जोराचा मोठा भाग स्वतःच्याच शरीराशी झगडण्यात खर्च होतो.

ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ आर्चिबाल्ड हिल यांनी १९३८ मध्ये स्नायूचे बल आणि त्याच्या आकुंचनाचा वेग यांतील संबंध मांडला. स्नायू जितक्या वेगाने आखडतो, तितके कमी बल तो निर्माण करू शकतो. त्यामुळे वेगवान ठोशासाठी एकटा हात पुरेसा नसतो. पाय आणि धड यांचे मोठे स्नायू आधी गती निर्माण करतात आणि ती क्रमाक्रमाने नितंब, धड, खांदा, कोपर व मूठ यांच्याकडे सोपवली जाते. आसूड ओढताना मुठीजवळची हालचाल टोकाला जाऊन वेगवान होते, तसाच हा क्रम असतो. आखडलेला खांदा ही साखळी मध्येच तोडतो.

१९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका सोव्हिएत अभ्यासात मुष्टियोद्ध्यांच्या सरळ ठोशात शरीराच्या कोणत्या भागाचा किती वाटा असतो, हे तपासण्यात आले. निष्णात खेळाडूंमध्ये पायांचा वाटा सुमारे ३८ टक्के, धडाचा ३७ टक्के आणि हाताचा २४ टक्के आढळला. कनिष्ठ श्रेणीच्या खेळाडूंमध्ये हाताचा वाटा सुमारे ३८ टक्के, तर पायांचा केवळ १६ ते १७ टक्के होता.

आघाताचा क्षण

मूठ लक्ष्यावर पोहोचल्यावर मात्र सैलपणा घातक ठरतो. मनगट दुमडले किंवा कोपर बाहेर फेकले गेले, तर आघाताची ऊर्जा सांध्यांच्या हालचालीतच जिरते. सांधे त्या क्षणापुरते घट्ट झाले, तर मुठीच्या मागे हात व धड यांचे वस्तुमानही उभे राहते.

कॅनडातील वॉटरलू विद्यापीठाचे स्टुअर्ट मॅकगिल आणि सहकारी यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पाच कुशल योद्ध्यांच्या स्नायूंमधील विद्युत्क्रिया नोंदवली. वेगवान व जोरकस प्रहारांमध्ये त्यांना स्नायुक्रियेची दोन शिखरे आढळली. पहिले शिखर हालचाल सुरू होताना येते, दुसरे लक्ष्याला स्पर्श होताना, आणि मधल्या काळात काही स्नायू शिथिल होतात. स्नायू किती लवकर आवळता येतो याबरोबरच तो किती लवकर सोडता येतो, हेही कौशल्याचेच अंग असल्याचे यावरून सूचित होते.

विविध परंपरांतील मांडणी

ताय चीमध्ये या सैलपणाला 'सोंग' म्हणतात. (वेषांतर वा ढोंग या अर्थाच्या मराठी शब्दाशी त्याचा संबंध नाही.) यांग चेंगफू (१८८३–१९३६) यांच्या नावे प्रसिद्ध असलेल्या दहा सूत्रांत कंबर सैल ठेवणे, तसेच खांदे व कोपरे खाली सोडणे यांचा समावेश आहे. चिनी युद्धकलांत निव्वळ स्नायूंच्या जोराला 'ली' आणि कमावलेल्या, संघटित बलाला 'जिन' म्हणतात. हे बल एकाएकी प्रकट करण्याला 'फाजिन' अशी संज्ञा आहे.

कराटेमध्ये आघाताच्या क्षणीच्या एकवटलेपणाला 'किमे' म्हणतात. गिचिन फुनाकोशी यांच्या वीस उपदेशसूत्रांपैकी एकात बलाचे कमीअधिक होणे, शरीराचे आकुंचन-प्रसरण आणि तंत्राची गती यांचे भान ठेवण्यास सांगितले आहे. 'सांचिन' या काताचा, म्हणजे ठरावीक हालचालींच्या क्रमाचा, सराव काही शाखांत स्नायू ताणून संथपणे केला जातो. त्यात वेगापेक्षा पवित्रा आणि श्वास यांची बांधणी महत्त्वाची मानली जाते.

१९१९ ते १९२६ या काळात हेवीवेट गटाचे जगज्जेते असलेले अमेरिकन मुष्टियोद्धे जॅक डेम्प्सी यांनी १९५० च्या आपल्या पुस्तकात शरीराचे वजन पुढे झोकणाऱ्या पावलावर भर दिला आणि मूठ आघाताच्या वेळीच करकचून आवळावी असे प्रतिपादन केले.

एक इंची ठोसा

ब्रूस ली यांनी १९६४ मध्ये कॅलिफोर्नियातील लाँग बीच येथे अगदी जवळून मारलेल्या ठोशाचे प्रात्यक्षिक दाखवले. समोरची व्यक्ती मागे ठेवलेल्या खुर्चीत जाऊन पडली. माणूस मागे ढकलला जाणे आणि त्याला इजा करणारा तीव्र आघात होणे या भिन्न गोष्टी असल्याने अशा प्रात्यक्षिकावरून ठोशाच्या मारकतेचे मोजमाप करता येत नाही. तथापि अंतर कमी असतानाही समन्वयाने बल वाढते, याला स्वतंत्र आधार आहे. लंडनमधील संशोधकांनी २०१२ मध्ये १२ निपुण कराटेपटू आणि १२ अननुभवी व्यक्ती यांच्या ५ सेंटिमीटर अंतरावरून मारलेल्या ठोशांची तुलना केली. कराटेपटूंचे ठोसे अधिक जोरकस होते आणि हे बल खांदा व मनगट यांच्या वेगाच्या परस्परमेळाशी निगडित असल्याचे दिसून आले.

मुठीची ठेवण आणि दुखापती

तर्जनी व मधले बोट यांची तळहातातील हाडे मनगटाशी जवळजवळ अचल जोडलेली असतात, तर अनामिका व करंगळी यांची हाडे तुलनेने हलती असतात. म्हणूनच कराटेमध्ये पहिल्या दोन बोटांच्या पेरांनी आघात करण्यास शिकवतात. डेम्प्सी आणि विंग चुन परंपरा मात्र करंगळीच्या बाजूची पेरे वापरण्याच्या पक्षाच्या आहेत. ठोसा चुकीच्या रीतीने बसल्यास करंगळीच्या तळहातातील हाडाचा, पेराजवळील अरुंद भागात अस्थिभंग होतो. तो 'बॉक्सर्स फ्रॅक्चर' या नावाने ओळखला जातो.

गैरसमज

शिथिलतेतून मिळणाऱ्या बलाचे स्पष्टीकरण काही शिक्षक 'ची' या अदृश्य शक्तीने देतात आणि स्पर्शाविना प्रतिस्पर्ध्यास पाडण्याचे दावेही केले जातात. अशा प्रात्यक्षिकांत बहुधा शिक्षकाचे स्वतःचे शिष्यच समोर असतात आणि ते अपेक्षेनुसार प्रतिसाद देतात. त्यांवर विसंबलेला विद्यार्थी प्रत्यक्ष संकटात निराधार ठरू शकतो. शिथिलता आणि देहरचना यांची परीक्षा जड पोत्यावर, हातपॅडवर आणि प्रतिकार करणाऱ्या जोडीदाराबरोबरच्या सरावात होते. हवेत मारलेल्या ठोशात मनगट दुमडले तरी ते कळत नाही. पोत्यावर ते पहिल्याच ठोशात कळते.