पाळी जाऊन किती वर्षं झाली?

“हार्मोनच्या गोळ्या? नको गं बाई, कॅन्सर होतो त्यानं.” पाळी गेलेल्या बायकांच्या गप्पांत हे वाक्य हमखास येतं. ही भीती पसरली जुलै २००२ मध्ये. अमेरिकेतल्या ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या अवाढव्य अभ्यासाचा एक भाग त्या महिन्यात मध्येच थांबवला गेला. त्यात १६,६०८ बायका होत्या. काहींना इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिनची एकत्र गोळी, बाकीच्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची. गोळीवाल्यांत स्तनांचा कर्करोग २६ टक्क्यांनी जास्त आढळला आणि बातम्यांनी नेमका तोच आकडा उचलला. तोच हिशेब माणसांत मांडला, तर वर्षाला दहा हजार बायकांमागे आठ जास्त. आठ म्हणजे शून्य नव्हे, पण २६ टक्के ऐकून पोटात गोळा येतो तसा आठ ऐकून येत नाही. अभ्यासाच्या दुसऱ्या भागात, ज्यांची गर्भाची पिशवी काढलेली होती त्यांना नुसतं इस्ट्रोजेन दिलं होतं. त्यांच्यात हा कर्करोग वाढला नाही, पुढच्या पाठपुराव्यात उलट कमीच दिसला. (पिशवी शाबूत असेल तर नुसतं इस्ट्रोजेन चालत नाही, आतल्या अस्तराचा कर्करोग होऊ शकतो. जोडीला प्रोजेस्टेरॉन लागतंच.)

बातम्यांतून निसटलं ते वय. या बायकांचं सरासरी वय होतं ६३. बहुतेकींची पाळी जाऊन बराच काळ लोटलेला. त्यांचे निष्कर्ष घामानं रात्री तीनदा गाऊन बदलणाऱ्या पन्नाशीच्या बाईला लावले गेले, आणि डॉक्टरही लिहून द्यायला कचरू लागले.

आता वारं फिरलंय. “तो अभ्यास चुकीचा होता, कधीही सुरू करा, हृदय नि मेंदू तरुण राहतात,” असं बिनदिक्कत सांगितलं जातं. हा गैरसमज मला पहिल्यापेक्षा जास्त धोक्याचा वाटतो. इस्ट्रोजेन निरोगी रक्तवाहिनीला लवचीक ठेवतं, पण आधीच चरबीचे थर साचलेल्या वाहिनीत त्याचा तसा उपयोग होत नाही, उलट गुठळीचा धोका वाढू शकतो. २०१६ च्या ‘एलिट’ चाचणीत ६४३ बायका होत्या. पाळी जाऊन सहा वर्षं व्हायच्या आत इस्ट्रोजेन सुरू करणाऱ्यांच्या मानेतल्या रोहिणीची भिंत बिनऔषधाच्या गोळीवाल्यांपेक्षा सावकाश जाड झाली. दहा वर्षांनंतर सुरू करणाऱ्यांना तो लाभ मिळाला नाही. आधीच्या मोठ्या अभ्यासात पासष्टीनंतर एकत्र गोळी सुरू केलेल्यांत तर स्मृतिभ्रंशाचं प्रमाण दुपटीच्या घरात गेलेलं दिसलं होतं. म्हणूनच साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत सुरुवात, हा आजचा सर्वमान्य ठोकताळा. आपल्याकडे पाळी सरासरी ४६-४७ व्या वर्षी जाते, त्यामुळे वाढदिवसांपेक्षा शेवटच्या पाळीपासूनची वर्षं मोजलेली बरी.

मग बासष्टीच्या बाईला दार बंदच? तसंही नाही. अंगातून वाफा निघणं काहींचं साठीनंतरही थांबत नाही. त्रास मोठा असेल तर रक्तदाब, साखर, घरातला हृदयविकार सगळं पाहून डॉक्टर कमी मात्रेत देऊ शकतात, शक्यतो चिकटपट्टी किंवा जेलमधून. गोळी आधी यकृतातून जाते आणि तिथं रक्त गोठवणारे घटक वाढवते. त्वचेतून जाणारं औषध तो टप्पा टाळतं. स्तनांचा कर्करोग, पक्षाघात किंवा गुठळी होऊन गेली असेल तर मात्र सहसा नकोच. आणि पाळी गेल्यावर थेंबभर जरी रक्त दिसलं, तर आधी तपासणी, मग बाकीचं.

सगळ्यांत कमी बोललं जातं ते योनीमार्गातल्या कोरडेपणाबद्दल : आग होणं, संबंधांच्या वेळी दुखणं, सारखा लघवीचा संसर्ग. वाफा कालांतरानं ओसरतात, हे वाढत जातं. त्यावर लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम रक्तात नाममात्र उतरतं, त्यामुळे सत्तरीतही ते सुरू करता येतं. फक्त स्तनांचा कर्करोग होऊन गेलेल्यांनी आपल्या कर्करोगतज्ज्ञांना विचारूनच. तरी अमेरिकेत या क्रीमवरही वर्षानुवर्षं गोळ्यांचाच काळ्या चौकटीतला इशारा होता. तो काढण्याची घोषणा तिथल्या औषध प्रशासनानं केली नोव्हेंबर २०२५ मध्ये. तोवर कितीतरी ट्यूबा, सोबतचा कागद वाचून, न उघडताच कपाटात गेल्या असतील.