कोशिका-निर्धारण, फलमाशीच्या भ्रूणातील

बहुकोशिक प्राण्याच्या भ्रूणातील एखादी कोशिका (पेशी) पुढे त्वचा, स्नायू, तंत्रिका (मज्जा) यांपैकी कोणत्या ऊतकाचा भाग होणार, हे तिच्यात दृश्य फरक दिसू लागण्यापूर्वीच ठरते. या प्रक्रियेस ‘कोशिका-निर्धारण’ म्हणतात. त्यानंतर कोशिकेचे रूप व कार्य प्रत्यक्षात बदलते, त्यास ‘प्रभेदन’ म्हणतात. एकाच फलित अंड्यापासून निर्माण झालेल्या कोशिकांत जनुके (आनुवंशिक लक्षणे निश्चित करणारे घटक) सारखीच असताना त्यांची भवितव्ये भिन्न का होतात, हा भ्रूणविज्ञानातील मूलभूत प्रश्न होय. त्याचे अत्यंत तपशीलवार उत्तर पिकलेल्या फळांवर आढळणाऱ्या ड्रॉसोफिला मेलॅनोगास्टर  या लहानशा माशीच्या अभ्यासातून मिळाले आहे. कोशिका आपले भवितव्य ‘निवडते’ असे म्हणण्याचा प्रघात आहे. परंतु ही निवड एका क्षणी होत नाही. प्रत्येक टप्प्यास काही शक्यता बाद होत जाऊन अखेरीस एकच उरते.

प्रारंभिक भ्रूण : फलमाशीचे अंडे सु. अर्धा मिमी. लांब असते. फलनानंतर त्यातील केंद्रकाची १३ वेळा विभाजने होतात. पण बहुतेक केंद्रकांभोवती कोशिकापटल तयार होत नाही. त्यामुळे सु. ६,००० केंद्रके एकाच सामाईक द्रवात राहून अंड्याच्या पृष्ठभागालगत येतात. २५° से. तापमानात सु. ३ तासांनी त्यांच्याभोवती पटले पूर्ण होऊन स्वतंत्र कोशिका बनतात. याला अपवाद मागील टोकाच्या कोशिकांचा. त्या आधीच वेगळ्या होतात व त्यांपासून पुढे जननकोशिका निर्माण होतात. या टोकाचा द्रव दुसऱ्या भ्रूणाच्या पुढील टोकास घातल्यास तेथेही तशाच कोशिका तयार होतात, असे के. इल्मेन्झे व ए. पी. महोवाल्ड यांनी १९७४ मध्ये दाखविले. यावरून केंद्रक कोणत्या द्रवात आहे, यावर त्याचे भवितव्य अवलंबून असते हे स्पष्ट झाले.

स्थाननिश्चिती : अंडे तयार होत असतानाच मादी त्यात काही पदार्थ ठराविक ठिकाणी साठविते. बायकॉइड या जनुकाचे संदेशक आरएनए अंड्याच्या पुढील टोकास असते. त्यापासून बनलेले प्रथिन मागे पसरत जाते व त्याचे प्रमाण पुढून मागे उतरत जाते. डब्ल्यू. ड्रीव्हर व क्रिस्टिआने न्यूसलाइन-फोलहार्ट यांनी १९८८ मध्ये ही उतरण दाखविली. प्रथिनाच्या प्रमाणानुसार निरनिराळी जनुके कार्यान्वित होतात, म्हणजे केंद्रकास आपले स्थान रासायनिक खुणेवरून ‘कळते’. मादीत हे जनुक सदोष असल्यास तिच्या भ्रूणात डोके व वक्ष निर्माण होत नाहीत. पित्याकडून निर्दोष जनुक आले तरी उपयोग होत नाही. पाठ व पोट यांची दिशा ‘डॉर्सल’ या प्रथिनावरून ठरते. पोटाकडील केंद्रकांत ते सर्वाधिक असते व तेथील कोशिकांपासून स्नायू इ. बनतात.

जनुकांची उतरंड : ही ढोबळ माहिती क्रमाक्रमाने सूक्ष्म होत जाते. जनुकांचा पहिला गट (उदा., क्रुपेल) भ्रूणाचे रुंद पट्टे पाडतो. दुसऱ्या गटातील फुशी तराझू यासारखी जनुके ७ आडव्या पट्ट्यांत कार्यान्वित होतात, तर तिसऱ्या गटातील एनग्रेल्ड हे जनुक १४ पट्ट्यांत प्रकट होऊन खंडांच्या सीमा निश्चित करते. न्यूसलाइन-फोलहार्ट व एरिक वीशाउस यांनी हायडल्‌बर्ग येथे सदोष भ्रूणांची पद्धतशीर तपासणी करून १९८० मध्ये हे गट प्रसिद्ध केले. कोणत्या खंडास कोणते अवयव येणार हे आणखी वेगळी जनुके ठरवितात. त्यांच्यावरील एडवर्ड ल्यूइस यांचा महत्त्वाचा निबंध १९७८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतील काहींत बिघाड झाल्यास माशीला दोहोंऐवजी चार पंख येतात, तर काहींतील बिघाडाने शृंगिकेच्या (स्पर्शेंद्रियाच्या) जागी पाय उगवतो. या तिघांना १९९५ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले.

शेजारी कोशिकांचा परस्परप्रभाव : स्थान सारखेच असलेल्या कोशिकांतून निवड कशी होते, हे तंत्रिका तंत्राच्या निर्मितीत उत्तम दिसते. पोटाकडील बाजूस काही कोशिकांचे लहान समूह असतात व समूहातील प्रत्येक कोशिका तंत्रिकाजनक होण्यास समर्थ असते. तथापि त्यांपैकी एकच तशी होते. तिच्या पृष्ठभागावरील ‘डेल्टा’ हे प्रथिन शेजारच्या कोशिकांवरील ‘नॉच’ या ग्राहक प्रथिनास जोडले जाते. मग नॉचचा आतील भाग तुटून केंद्रकात जातो व तंत्रिकाजनक जनुके दबतात. या कोशिका त्वचेच्या होतात. प्रारंभीचा किरकोळ फरक अशा रीतीने वाढत जातो, असे मानले जाते. नॉच जनुक नसलेल्या भ्रूणात त्वचेऐवजी तंत्रिका ऊतक अतिरेकाने वाढते व भ्रूण मरतो, असे डी. एफ. पौल्सन यांना १९३७–४० या काळात आढळले होते. निवडलेली कोशिका नष्ट केल्यास शेजारीण तिची जागा घेते, हे नाकतोड्याच्या भ्रूणावरील प्रयोगात १९८५ मध्ये दिसून आले. म्हणजे त्वचेकडे वळणारी कोशिका असमर्थ नसते. तिला केवळ अटकाव झालेला असतो.

स्थिरता : प्रारंभीच्या खुणा काही तासांत नाहीशा होतात, तरीही निर्णय टिकतो. पॉलिकोम्ब गटातील प्रथिने अनावश्यक जनुके बंद ठेवतात व ही अवस्था कन्या-कोशिकांकडे जाते. मात्र ती सर्वस्वी अपरिवर्तनीय नसते. प्रौढ अवयवांच्या पूर्वकोशिका दीर्घकाळ वाढवीत ठेवल्यास क्वचित त्यांचे निर्धारण बदलते, असे एर्न्स्ट हाडोर्न यांना झुरिक येथे आढळले.

महत्त्व : अवयव ठरविणाऱ्या माशीतील जनुकांत एक समान भाग असल्याचे १९८४ च्या सुमारास दिसले व तसाच भाग मानवासह पृष्ठवंशी प्राण्यांतही आढळला. नॉचसदृश मानवी जनुकातील बिघाडाचा एका प्रकारच्या रक्तकर्करोगाशी संबंध १९९१ मध्ये उघडकीस आला. भ्रूणात कोशिकेस मार्ग दाखविणारी यंत्रणा प्रौढ शरीरातही कार्यरत असते आणि ती बिघडल्यास कोशिका आपले नियत कार्य सोडून अनिर्बंध वाढू शकते, हे त्यावरून समजले. [⟶ आनुवंशिकी, भ्रूणविज्ञान].